वेळेवर घरी जाणारा माणूस

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या वाद्यकारागीर मंडळाच्या प्रमुख श्रीमती एर्मेलिंदाबाई, कामाच्या गर्दीतून सवड काढून आलेले आपले नगराध्यक्ष साहेब, आजचे सत्कारमूर्ती श्री. सिरियाको ओवेलार, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी ब्लासिदाबाई, मंडळातले लहानथोर कारागीर, आणि खुर्च्या रिकाम्या असतानाही मागच्या दारात चीजच्या गरम चिपा खात उभे असलेले माझे मित्रहो,

सर्वप्रथम, मला बोलायची संधी दिल्याबद्दल मी अध्यक्षांचा आभारी आहे. एर्मेलिंदाबाई मला म्हणाल्या, "एलादियोकाका, सिरियाकोकाकांचं कौतुक सगळेच करतील. तुम्ही त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल बोला. आपल्या तरुण पोरांना दिवस पुरत नाही. ती सारखी धावतात आणि हार्प काही पुरा होत नाही. तुम्ही इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसलात, तुमच्याइतकं त्यांना कुणी पाहिलंय?"

खरं आहे, माझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. माणूस ज्याचा हेवा करतो त्याच्याकडे जितक्या बारकाईनं बघतो, तितकं शिष्य गुरूकडेही बघत नाही.

हसू नका. मी आज इथं खोटं कौतुक करायला उभा नाही. नगराध्यक्ष साहेब, आपण नवे आहात म्हणून सांगतो, लुके गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मी सिरियाकोवर जळतो. तरुणपणापासून जळतो. आता केस पांढरे झाले, पण त्यात काही फरक पडलेला नाही.

आम्ही दोघं एकाच वर्षी एर्मेलिंदाबाईंच्या वडिलांकडे, गुमेर्सिंदो उस्तादांकडे कामाला लागलो. दोघांची बाकं शेजारीशेजारी. मी उजाडायच्या आत यायचो आणि दिवेलागण झाली तरी बसलेला असायचो. हा सावकाश यायचा, दुपारी घरी जाऊन झोप काढायचा, आणि संध्याकाळी चर्चची घंटा झाली की पटाशी पुसून ठेवायचा, हात धुवायचा, भांग पाडायचा आणि चालू लागायचा. शीळ घालत! मला त्या शिळेचा फार राग यायचा. बरं, काम मागे राहतंय म्हणावं, तर तेही नाही. त्याचा हार्प माझ्या आधी तयार. आणि उस्ताद तारांवर बोट फिरवून मान हलवायचे ती त्याच्याच हार्पवर जास्त.

एकदा मी उस्तादांना विचारलंच, "उस्ताद, मी त्याच्या दुप्पट वेळ बसतो. मग असं का?"

उस्ताद रंध्याचं पातं बघत म्हणाले, "एलादियो, तू दमतोस. तो काम करतो."

सांगा, असं बोलतात का कुणी? मला ते वाक्य आजतागायत पचलेलं नाही.

मग मी ठरवलं, याचं गुपित काढायचंच. मला खात्री होती की हा घरी चोरून काम करतो. तसं काही निघालं नाही. तुम्ही तरुण मंडळी पद्धत पद्धत म्हणता ना, ती मी अशी, हेरगिरी करून शिकलोय. तर ऐका.

पहिली गोष्ट मला दिसली ती तेरेरेची. सकाळी आपल्या कारखान्यात काय होतं? कुणीतरी थर्मास आणतो, बर्फ टाकतो, त्या गार पाण्यात पाला भिजवतो, आणि तेरेरेचा पेला हातोहात फिरू लागतो. एक फेरी, दुसरी फेरी, कालचा फुटबॉलचा सामना, कुणाची सासू, कुणाची गाय. ऊन डोक्यावर येतं तेव्हा आपण पहिल्यांदा करवत उचलतो. सिरियाको त्या घोळक्यात सकाळी बसायचाच नाही. आल्या आल्या दिवसातलं सगळ्यात नकोसं काम हातात घ्यायचा. हार्पची मान कोरायची म्हणजे काय, ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सगळ्या तारांचा ताण तिच्यावर. मी काय करायचो? आधी खुंट्या घासायचो, काचपेपर कापायचो, लाकूड चिकटवायचा शिरस ढवळायचो, म्हणजे हात हलते राहतील आणि मान कोरणं लांबेल. हा डोकं थंड असताना मान कोरून मोकळा व्हायचा, आणि मग पेला घेऊन आमच्यात यायचा. आणि कसा प्यायचा! निवांत. मी पीत असायचो तेव्हा माझ्या घशात ती न कोरलेली मान अडकलेली असायची.

दुसरं म्हणजे, संध्याकाळी निघताना हा काम कधी अडलेल्या जागी सोडायचा नाही. पुढचा हात कुठं मारायचा हे स्पष्ट दिसत असेल तिथंच थांबायचा, आणि तेवढ्याला लागणारी हत्यारं तेवढी बाकावर काढून ठेवायचा. एकच काम, त्याचीच हत्यारं. सकाळी येऊन विचार करायला नको, शोधाशोध नको. माझ्या बाकावर मात्र तीन हार्प अर्धवट पडलेले, आणि पटाशी कुठल्या ढिगाखाली आहे ते देवाला ठाऊक.

आणि आता तुमचे हे फोन. याच्या नातीनं याला फोन घेऊन दिला. पोरांनो, तुम्ही पाहिलंय त्यानं काय केलं? खिळ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवून डबा वरच्या फळीवर. मी म्हटलं, "अरे, कुणाचा महत्त्वाचा फोन आला तर?" म्हणाला, "ज्याला माझं महत्त्वाचं काम आहे त्याला माझं बाक माहीत आहे."

(सिरियाको, मान खाली घालू नकोस. लोकांना वाटेल तू लाजतोयस. तू लाजत नाहीस, तुला झोप येतेय. तुझी दुपारच्या झोपेची वेळ आहे, मला माहीत आहे.)

हे सगळं मी करून पाहिलं. खरंच पाहिलं. सकाळी मान कोरायला घेतली, हत्यारं मांडून ठेवली. फायदा झाला, नाही असं नाही. पण एक गोष्ट मला जमली नाही, आणि तीच सगळ्यात सोपी दिसते. सिरियाकोला 'नाही' म्हणता येतं.

आता जे सांगतोय, त्याला ब्लासिदाबाईंची परवानगी आहे. सकाळीच त्यांना विचारलंय. त्या म्हणाल्या, "सांग, सगळ्यांना माहीतच आहे. फक्त लांबवू नकोस."

आम्ही तरुण होतो तेव्हाची गोष्ट. त्या वेळचे नगराध्यक्ष कारखान्यात आले. परदेशातून मोठे पाहुणे येणार होते, त्यांना भेट द्यायला हार्प हवा होता, आणि हातात वेळ होता आठवडाभराचा. ते आधी सिरियाकोच्या बाकाशी गेले. हा उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "साहेब, एवढ्यात चांगला हार्प होत नाही. माझ्याच्यानं होणार नाही." इतक्या साध्या आवाजात, जसं काही कुणी त्याला पाणी हवं का विचारलंय.

साहेब माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "होईल."

का म्हणालो? एक तर तो 'नाही' म्हणाला होता म्हणून. आणि आपल्याला कुणी मोठ्या माणसानं विचारलं, की छाती फुगते. फुगली.

त्याच आठवड्यात सान ब्लासचा सण होता. ब्लासिदा त्या दिवशी जन्मली, म्हणून तिचं नाव ब्लासिदा. दर वर्षी तिच्या अंगणात नाच असायचा. ती स्वतः कारखान्यात आमंत्रण द्यायला आली. पिवळा झगा होता. दारातूनच म्हणाली, "दोघंही या हं. एलादियो, तू विशेषकरून ये. गेल्या वर्षीही म्हणाला होतास."

मी म्हटलं, "येतो, येतो. हार्पची पेटी शिकंज्यात घातली की आलोच."

"शिकंज्यात तूच अडकशील एक दिवस," ती म्हणाली, आणि हसत गेली.

माझ्या हातांना शिरस लागलेला होता. मी हातसुद्धा हलवला नाही निरोपाला. सिरियाको तिला फाटकापर्यंत सोडायला गेला, कारण त्याचं त्या दिवसाचं काम झालं होतं.

सणाच्या संध्याकाळी मी हार्पवर काचपेपर फिरवत होतो. तिचं अंगण दोन गल्ल्या पलीकडे. वारा तिकडून होता, त्यामुळे गिटारचा एकेक सूर मला ऐकू येत होता. मी मनाशी म्हणत होतो, एवढी एक बाजू झाली की जातो. एवढी एक बाजू. मग गिटार थांबली. लोक हसत घरी जाताना ऐकू आले.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ती भेटली. मी सबब सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "राहू दे. मी तुझी वाट बघितली एलादियो. सिरियाकोनं मात्र वाट बघायलाच लावली नाही."

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

मित्रहो, तुम्हाला वाटेल की तो हार्प वाईट झाला असेल. नाही. तो माझ्या हातून झालेला सगळ्यात सुंदर हार्प आहे. परदेशी पाहुण्यांनी डोळे मिटून ऐकला. मला मानपत्र मिळालं. हार्प वाईट झाला असता तर मला बरं वाटलं असतं, निदान म्हणता आलं असतं की फुकट गेलं सगळं. पण तसं नाही झालं. मी चुकलो, असं मी म्हणणार नाही. त्यानं काही चोरलं, असंही म्हणता येत नाही. म्हणूनच माझ्या हेव्याला टेकायला कुठं जागा नाही, तो आपला उभाच आहे इतकी वर्षं.

हो, ब्लासिदाबाई, आवरतो. त्या मला खुणा करताहेत.

गेल्या आठवड्यात हा निवृत्त होतोय हे कळलं तेव्हा मी तणतणत त्याच्या बाकाशी गेलो. म्हटलं, "हात थरथरत नाही, कान शाबूत आहेत, गिऱ्हाईकं दारात उभी आहेत. थांबतोस कशाला?"

तो तार ताणत होता. म्हणाला, "हातांमुळे नाही रे. तिच्या डोळ्यांमुळे."

"म्हणजे?"

"कडेकडेनं अंधार येतोय, डॉक्टर म्हणाले. मधलं दिसतं अजून. किती दिवस, ते त्यांना सांगता येत नाही. तिला समुद्र बघायचाय. आपल्या देशाला कुठला समुद्र? म्हणून ब्राझीलच्या किनाऱ्यावर चाललोय."

मी म्हटलं, "मग पंधरा दिवस जा आणि परत ये. बाक काही पळून जात नाही."

"समुद्र झाला की ती म्हणेल धबधबा. धबधबा झाला की म्हणेल, पतवंडाचं तोंड नीट बघू दे," तो म्हणाला. "हार्प तर तूही करशील, ही पोरंही करतील. तिला हे दाखवायचं काम दुसरं कोण करणार? सकाळी उठल्यावर आता हेच पहिलं काम."

आणि मित्रहो, त्या वेळी मला वाईट वाटायला हवं होतं, नाही का? इतकी वर्षं ओळखतो मी त्या डोळ्यांना. वाईट वाटलंही, पण ते नंतर, घरी गेल्यावर. आधी वाटला तो हेवाच. वाटलं, बघा, हा याही वेळी बरोबर वेळेवर निघाला.

मग तो मला म्हणाला, "एलादियो, माझी खिडकीजवळची जागा तू घे. उजेड चांगला असतो तिथं. तुला ती नेहमीच हवी होती, मला माहीत आहे."

मी मान हलवली. काय सांगणार त्याला? मला त्याची जागा हवी होती हे खरं, पण ती खिडकीजवळची नव्हे.

असो.

एर्मेलिंदाबाई घड्याळाकडे बघताहेत, आणि वेळेचं महत्त्व सांगायला उभ्या राहिलेल्या माणसानं वेळ खाणं बरं दिसत नाही. तरुण कारागिरांनो, सकाळी अवघड काम आधी करा, फोन डब्यात ठेवा, तेरेरे मागाहून प्या. हे सगळं करा, पण ते जास्त हार्प करण्यासाठी करताय असं समजू नका. मी तसं समजलो होतो.

आज ज्यांनी सभागृह सजवलं, चिपा भाजल्या, खुर्च्या मांडल्या, त्या सर्वांचे मंडळाच्या वतीनं आभार. नगराध्यक्ष साहेबांचे विशेष आभार, की त्यांनी अजून मला आठवडाभरात काही करून मागितलेलं नाही. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, एखादा शब्द वावगा गेला असेल, तर म्हातारा समजून सोडून द्या. हेव्याबद्दल मात्र मी माफी मागत नाही. तो मी नीट सांभाळलाय, तो माझा आहे.

आणि ब्लासिदा... ब्लासिदाबाई, समुद्र डोळे भरून बघा. तो कसा होता हे सिरियाकोनं मला येऊन सांगू नये, मला सहन होणार नाही. तुम्ही सांगा. कारखान्यात या, कुठल्याही वेळी या, सकाळी आलात तरी चालेल. मी पटाशी खाली ठेवीन, शिरस आटला तर आटू देईन, आणि तुमचं सांगून संपेपर्यंत ऐकत बसेन.

धन्यवाद.