राबाची माती

नाही हो ताई, ती गोणी नका बघू, ती बाजूला ठेवलीय. ही लाल घ्या ना. कढीपत्त्याला लाल चांगली चालते, वरून मूठभर शेणखत देते मी — काळीच हवी? सगळ्यांना काळीच हवी असते. या वर्तकनगरातल्या निम्म्या गॅलऱ्यांत माझ्या हातची काळी माती गेलीय. आता तिचं नाव काढलं तरी नकोसं होतं.

का म्हणून काय विचारता. बसा त्या स्टुलावर, ऊन आहे. ती माती माझ्या माहेरची आहे. कल्याणच्या पुढे, नदीच्या अंगाला आमचं गाव. कशी ओळखली? माती ओळखू येते की. नको, हात नका घालू, मीच दाखवते. ही बघा, काजळीसारखी बोटाला लागते. आणि हे तिळाएवढे दिसतात ना, ते कोळशाचे कण. ही राबाची माती. राब म्हणजे — तुम्हाला कसं ठाऊक असणार — शेतात भाताची रोपं करायचा एक कोपरा असतो. उन्हाळ्यात त्यावर शेण, पालापाचोळा, पेंढा पसरायचा आणि भाजायचा. दरवर्षी तोच कोपरा. माझ्या आजीने भाजला, आईने भाजला, दहावीची परीक्षा देऊन आल्यावर मीही भाजलाय, पायाला चटके बसेपर्यंत. बाकीचं सगळं रान तांबूस, हा कोपरा तेवढा काळा.

माझी मुलगी, संचिता, नववीला आहे. तिच्या भूगोलात चित्र आहे — वर काळसर थर, खाली तपकिरी, त्याखाली मुरूम, तळाला कातळ. म्हणाली, आई, वरची वीतभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. आणि थंड देशांत बर्फाची नदी असते म्हणे, ती डोंगर खरवडत खरवडत उतरते आणि ती सगळी माती लांब कुठेतरी नेऊन ढीग करून टाकते. मी म्हटलं, आपल्याकडे जेसीबी आहे. त्याला दोन दुपारी पुरल्या.

माझा भाऊ, काळुराम. वडील गेले आणि महिन्याभरात हक्कसोडपत्र घेऊन आला. आमच्यात बहिणी सही करतात हो, तसं कोणी विचारतही नाही. नाही केली तर माहेर बंद — मग भाऊबीजेला ताट घेऊन कुणासमोर बसायचं? केली मी. वकिलाकडे एवढंच बोलले, काळू, बाकी काय करायचं ते कर, राबाच्या कोपऱ्याला हात लावू नकोस, आईचा जन्म गेलाय त्यात. हो म्हणाला. चहा पाजला. कागदावर कुठे आहे? कागदावर काहीच नाही. मीच म्हटलं, सख्ख्या भावाकडून काय लिहून घ्यायचं.

मी गेलेले बघायला. नुसता मुरूम उघडा पडलाय. चाललं की चपलेखाली करकरतो. आई तिथे अनवाणी असायची. वहिनीने पाणी दिलं, तो बाहेर आलाच नाही. आतूनच म्हणाला, तुझं काय त्यात, सही केलीस ना. बरोबर आहे. केलीच आहे.

मी सूरजला काही बोलत नाही. सूरज, तो टेम्पोवाला, मला माती आणून देतो. त्याचा काय दोष. त्याला काय स्वप्न पडलं होतं का आमचं शेत कुठे — नाही, म्हणजे, त्याने विचारलेलं मला. फेब्रुवारीत. काकी, खाडीकडची माती खारट निघते, गिऱ्हाईक नावं ठेवतं, चांगली कुठे मिळेल? मी म्हटलं, माती बघायची तर आमच्या गावची बघ, लोणी आहे लोणी. सहज बोलले हो. माहेरचं कौतुक कोण करत नाही? मग त्याने काळूचा नंबर मागितला, तो दिला. मला वाटलं, नदीकाठी पडीक जागा आहे, तिथली घेईल. तसं सांगितलं का त्याला? नाही सांगितलं. पहिला टेम्पो आला तेव्हा मीच उभी राहून गोण्या उतरवून घेतल्या. तेव्हा काही कळलं नाही, तिसऱ्या खेपेला कळलं.

नाही. पहिल्यालाच कळलेलं. गोणी फाटलेली, कोळसा दिसला. पण समोर गिऱ्हाईक उभं होतं, मी म्हटलं, घ्या, अशी माती ठाण्यात मिळायची नाही. आणि पुढच्या दोन खेपा घेतल्या.

ही शेवटची गोणी. परत नेऊन टाकावी असं रोज मनात येतं. एका गोणीने काय होणार, एवढ्या मुरमावर एक ठिपका. तरी ठेवलीय. माती सुकी दिसली की कोणी घेत नाही म्हणून मी सकाळी सगळ्या गोण्यांवर पाणी मारते. सवयीने हिच्यावरही मारत गेले, आणि परवा बघते तर —

अहो, काय करताय? ते गवत नाही ताई. भात आहे तो. यंदा राबाला पसरलेल्या पेंढ्यातून दाणे गळले असतील. भाजायच्या आधीच माती उचलली ना, म्हणून राहिले. दोनच कोंब आलेले.

दोन्ही उपटलेत.

राहू द्या. तुम्हाला काय माहीत. नाही, तिथे कचऱ्यात नको, माझ्या हातात द्या. तुमची लाल माती — आज नको. उद्या या. उद्याही नको, पुढे नाक्यावर दुसरी नर्सरी आहे, तिथे बघा. जा तुम्ही.