मला पाहिलंय का कोणी?

...आणि वर म्हणे साक्षीदार आणा. साक्षीदार! अहो, खून केलाय का मी? गाडी लावली, सुपरमार्केटच्या अंगणात, दिवसाढवळ्या, शनिवारी अकरा वाजता, दोन किलो कांदे आणि दही घ्यायला, घेतलं आणि आलो परत, तर वायपरखाली चिठ्ठी, तीस युरो दंड, कारण काय, तर तुमची गाडी रात्री अडीच वाजल्यापासून इथे उभी आहे. रात्री अडीच! तुम्हीच सांगा, दुकान रात्री आठला बंद होतं, पुढे त्या अंगणात मांजरसुद्धा फिरकत नाही, तिथे मी अडीच वाजता जाऊन काय करणार, ट्रॉल्या मोजणार?

आता तुम्ही म्हणाल, त्यांना अडीच दिसले कुठे. तेच सांगतो. इथे अशा ठिकाणी गाडी लावली की एक निळी पुठ्ठ्याची तबकडी काचेत ठेवायची, पार्कशाइबं म्हणतात तिला, तिच्यावर घड्याळासारखे बारा आकडे, आपण आलो ती वेळ चक्र फिरवून दाखवायची, मग दोन तास फुकट. मी फिरवली. मनगटावर बघितलं, अडीच, लावले अडीच. आणि माझ्या मनगटावर वेळ असते चिंचवडची. हसू नका. कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलंय मला इथे, र्युसेल्सहाइमला, मोटारीच्या कारखान्यात, आमच्या ज्ञानदाचं दहावीचं वर्ष म्हणून ती आणि तिची आई तिकडेच राहिल्या, मग इथली वेळ बघून मला काय कळणार? इथे अकरा वाजले म्हणजे नुसते अकरा वाजले. तिकडे अडीच वाजले म्हणजे कुसुमची झाकपाक झाली, ज्ञानदा क्लासला निघाली, सायकल काढताना जिन्याला धडकवली. इथली वेळ भिंतीवर आहे, गाडीत आहे, चर्चच्या मनोऱ्यावर तर ठणाठणा वाजते. एक मनगट माझं, तिथे तरी घरची वेळ नको? पण तबकडीला दुपार आणि रात्र यातला फरक कळत नाही, आणि दुपारचे अडीच तर अजून वाजायचे होते, म्हणजे रात्रीचेच असणार. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोब्बर. जर्मन तर्क, फट म्हणून ठेवायचा नाही.

फोन केला त्या पार्किंगवाल्या कंपनीला. बाई होती. आवाज असा गोड, की वाटावं आता चहा ठेवते. "आल्झो, हेर निरगुडकर, गाडी आत आणलीत म्हणजे करार झाला, करार मोडलात म्हणजे दंड." म्हटलं, बाई, करार कधी झाला, मी कांदे आणायला आलो होतो. "पाटी आहे." म्हटलं, दुकानाची पावती आहे माझ्याकडे, अकरा वाजून गेल्यावरची. "त्यावरून तुम्ही अकरानंतर दुकानात होता एवढं कळतं. गाडी रात्रीपासून नव्हती, हे कुठे कळतं?" म्हटलं, गाडी रात्रभर माझ्या घराखाली होती आणि मी वर झोपलो होतो, सकाळी उठून पोहे केले, खाल्ले, मग निघालो. "छान," म्हणाली. "कोणी पाहिलं?" म्हटलं, काय पाहिलं? "तुम्हाला. घरी. एक साक्षीदार द्या, नाव, पत्ता, सही, लगेच दंड रद्द. शुभ दिवस."

तुम्हाला सांगतो, फोन ठेवला आणि मी हसलो. साक्षीदार म्हणजे काय, पैशाला पासरी. चिंचवडला मी नुसत्या चपला घातल्या तरी चार घरांत कळतं, समोरच्या गॅलरीतून राजाभाऊ ओरडतात, "काय निरगुडकर, आज लवकर?" आणि उत्तर द्यायच्या आत स्वतःच सांगतात, "बँकेत निघालेत." वैताग यायचा मला त्या माणसाचा. तर कागद घेतला, आणि बसलो आठवायला. शुक्रवारी संध्याकाळी कारखान्यातून बाहेर पडलो, सोमवारी सकाळी आत गेलो, या मधल्या वेळात मला पाहिलंय का कोणी? कागद तसाच राहिला. त्याच्यावर शेवटी वाण्याची यादी केली.

मग गेलो खालच्या मजल्यावर, फ्राउ होफमानकडे. ऐंशीच्या घरातली बाई, दिवसभर खिडकीत असते, हिने नाही पाहिलं तर कोण पाहणार? दार बोटभर उघडलं, साखळी तशीच. म्हटलं, गेल्याच्या गेल्या शनिवारी सकाळी मी घरी होतो, आठवतं का? "हो, हो, होता की, चांगलं आठवतंय, तुम्ही ते मोहरीचं काहीतरी जाळत होता, माझे पडदे धुवायला टाकावे लागले." मी म्हटलं, देव पावला. म्हटलं, मग लिहून द्या, की मला पाहिलं. तर म्हणते कशी, "पाहिलं नाही. वास आला."

रात्री कुसुमचा फोन. तिला सगळं सांगितलं. ती भडकलीच, "अहो, मी आहे ना साक्षीदार, तासभर बोलत होतो आपण त्या दिवशी, ज्ञानदाच्या गणिताबद्दल, तुम्ही पोहे खात होतात, मला चावण्याचा आवाज येत होता. द्या मला त्या बाईचा नंबर." बिचारीचं बरोबर होतं. मी विचारलं पार्किंगच्या बाईला. "फोनवर ना? मग त्यांनी ऐकलं. पाहिलं नाही." म्हणजे बघा, बायकोने ऐकलंय, शेजारणीला वास आलाय, दोघींचं मिळून एक निरगुडकर होतो की नाही? नाही होत. दिसायला पाहिजे. पण मला पाहिलंय का कोणी?

कारखान्यात आपला एक मराठी मुलगा आहे, देवदत्त, फ्रँकफुर्टला राहतो, बायको-मुलं इथेच. त्याला कळलं, तर म्हणाला, "त्यात काय काका, मी लिहून देतो ना, शुक्रवारी रात्री तुम्ही आमच्याकडे होतात, जेवलात, राहिलात, सकाळी गेलात. आणा कागद." लगेच पेनसुद्धा काढलं त्याने. नको म्हटलं. खोटी सही नको हे तर झालंच, पण मला दुसरंच काहीतरी लागलं. अरे, तुझ्या घरी जेवलो असं लिहायला तू एका पायावर तयार आहेस, आणि वर्ष होत आलं, खरोखर जेवायला ये असं एकदाही तुझ्या तोंडून निघालं नाही? हे बोललो नाही अर्थात. म्हटलं, बघतो, थँक यू.

सुपरमार्केटच्या गल्ल्यावरची मुलगी राहिली होती. दर शनिवारी तीच असते. दर शनिवारी "हालो", दर शनिवारी "शनिवार-रविवार छान जावो", किती गोड वाटायचं, आठवड्यात स्वतःहून बोलणारं ते एकच माणूस. तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो, म्हटलं, ओळखलंत? तिने आधी कांद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "पिशवी हवी?"

खरं सांगतो, आता तीस युरोंचं काही वाटत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, तर सुळी, असते एकेकाच्या नशिबात. पण घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो आणि मला भीती वाटायला लागली हो. की त्या पार्किंगवाल्यांचंच बरोबर असेल. असेन मी अडीच वाजता तिथे उभा. नाहीतर मी घरी होतो याला पुरावा काय? फोडणीचा वास?

त्याच्यापुढच्या शनिवारी गेलो, भांडायलाच गेलो. त्या अंगणात एक माणूस फिरत असतो, पिवळं जाकीट, साठीचा, काचांमधून तबकड्या बघत, हेर क्रेमर, त्यानेच मला चिठ्ठी लावलेली. जर्मनमधली सगळी वाक्यं गाडीत पाठ केली, दार उघडलं, तर तोच लांबून लगबगीने येतोय. मी म्हटलं, आता काय, श्वास घेतला त्याचा दंड? आणि तो म्हणतो, "आख, आलात! मागच्या शनिवारी वेगळीच वेळ, तीही धावत आलात आणि गेलात, मी गाडीपर्यंत पोचेस्तोवर निघून गेलात. बरं नव्हतं का?"

बरं नव्हतं का. पाठ केलेलं सगळं गेलं की हो. म्हटलं, तुम्ही मला ओळखता? "म्हणजे काय," म्हणाला, "कोपऱ्यातली करडी गाडी. पुढे जागा असली तरी तुम्ही तिथेच लावता. लावल्यावर उतरत नाही लगेच, बसून राहता. कांदे घेता. एकट्या माणसाला एवढे कांदे कशाला, हे मला कधीचं विचारायचं होतं." मी सांगितलं कशाला ते. पोह्यांपासून सगळं सांगितलं. मग विचारलं, त्या दिवशी गाडी कधी आली, पाहिलं होतंत? "अकराला. समोरूनच आलात. मी सकाळी सातपासून इथे होतो." अहो, मग चिठ्ठी का लावलीत? तर शांतपणे म्हणतो, "तबकडीवर अडीच होते. मी तबकडी बघतो. माणूस नाही बघायचा, असं त्यांचं सांगणं आहे. माणूस मी आपला असाच बघतो."

म्हटलं, हे लिहून द्याल? म्हणाला, "देतो की. खरं ते खरं." खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि सहज बोलावं तसं म्हणाला, "मग मला इथे ठेवणार नाहीत. ज्याने लावलेला दंड रद्द होतो त्याला विमानतळाच्या तळघरात पाठवतात, तिथे नुसत्या गाड्या, माणसं दिसत नाहीत. पण असू दे, दोन वर्षांत पेन्शनच आहे. नाव कसं लिहायचं तुमचं?" मी त्याच्या हातातल्या पेनाकडे बघत राहिलो. म्हटलं, राहू दे हो, पाऊस येईलसं दिसतंय, पुढच्या शनिवारी बघू.

सोमवारी बँकेत गेलो आणि भरले तीस युरो.

रात्री कुसुमने विचारलं, "सापडला का हो साक्षीदार?" म्हटलं, सापडला. "बघा, मी म्हणत नव्हते? म्हणजे पैसे वाचले." म्हटलं, नाही, भरले. "अहो, साक्षीदार सापडला आणि पैसे भरले? का?"

म्हटलं, अगं, अख्ख्या गावात मिळून एकच आहे. तो असा तीस युरोंवर खर्च करून कसं चालेल?