दामूकाकांनी आवळलेला रेग्युलेटर

आमच्या दामूकाकांना नळाबद्दल कोणी शिकवायचं नाही, हं! जव्हार संस्थानात त्यांची अवघी हयात नळांवरच गेली. विलीनीकरणानंतर खोडाळ्याच्या गिरणीत इंजिनाच्या टाकीला चीर गेली, म्हणून नाशिकहून गॅस वेल्डिंगवाला आला. सिलिंडरपाशी मदतीला काका उभे.

वेल्डर ओरडला, “काका, रेग्युलेटर कमी करा!”

काकांनी रेग्युलेटरची चावी नळासारखी आवळली. ज्योत फुत्कारली.

“अहो, सैल सोडा! हा आवळला की गॅस वाढतो!”

“सैल सोडू? गाव पेटवायचंय का?” म्हणत काकांनी दोन्ही हातांनी आवळला. चिरेच्या जागी मांजर जाईल एवढं भोक पडलं. गिरणीवाला डोक्याला हात लावून खालीच बसला.

काका म्हणाले, “संस्थान होतं तोवर नळ आवळला की बंद व्हायचा. विलीन काय झालो, नळसुद्धा उलटे फिरायला लागले!”