त्यात विचारायचं काय

दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट फायली लावत होती, कान मात्र बाकावरच्या नवरा-बायकोकडे होते.

"अहो, काल माझे सगळे टॅब गेले. ताईला लिहिलेली एवढी मोठी मेलसुद्धा."

"चुकून बोट लागलं गं."

"पण बंद व्हायच्या आधी ब्राउझर विचारायचा ना?"

"ते विचारणं मीच बंद केलं. दरवेळी आपलं, नक्की बंद करू का? एकदा ठरवलं की ठरवलं, त्यात विचारायचं काय?"

"बरं."

दारातून डॉक्टरबाई डोकावल्या. "या काका. डावीकडची दाढ काढायची ना?"

"त्यांना विचारू नका हो, आवडत नाही त्यांना," बायको म्हणाली. "सरळ काढून टाका."

"उजवीकडची," काका उजवा गाल घट्ट धरून म्हणाले. "आणि डॉक्टर, आत गेल्यावर परत एकदा विचारा."