कारण : नैसर्गिक

साहेब : सात? अहो ताई, दशांशचिन्ह कुठं सांडलं?

ताई : सांडलं नाही साहेब. सातच आहे.

साहेब : आपल्या नदीच्या पाण्यातला प्राणवायू गेल्या वीस वर्षांत एकाच्या वर गेलेला नाही. मागच्या तपासणीला अर्धासुद्धा नव्हता.

ताई : ती तपासणी साथ यायच्या आधीची. तेव्हापासून दोन महिने सगळं बंद आहे.

साहेब : मग यंत्र बिघडलं असेल. पडून पडून गंजलं असेल.

ताई : तीनदा लावून पाहिलं. शेवटी दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, यंत्र ठणठणीत आहे, नदी तपासून घ्या.

साहेब : यंत्र बरोबर असेल तर पाणी चुकीचं आहे. बोलवा त्या नावाडीबुवांना!

नावाडी : इथंच आहे साहेब, दारात. चपला काढतोय.

साहेब : बाटली कुठं भरलीत? खरं सांगा. घरच्या नळावर?

नावाडी : नळाला कुठलं आलंय साहेब एवढं स्वच्छ पाणी?

साहेब : मग कुठं?

नावाडी : नेहमीच्याच जागी. रंगाच्या कारखान्यांचा नाला नदीत पडतो ना, त्याच्या खालच्या अंगाला, मधोमध. पण यंदा जागा सापडायची पंचाईत झाली.

साहेब : तीस वर्षं बाटल्या भरताय आणि जागा सापडत नाही?

नावाडी : तीस वर्षं नाकानं जात होतो ना! डोळे मिटून वल्हवायचं, नाक झोंबलं की नांगर टाकायचा. आता वासच नाही. दोनदा पुढं निघून गेलो. शेवटी पुलाचे खांब मोजत मागं आलो. वारही चुकायला लागलाय माझा.

साहेब : वाराचा काय संबंध?

नावाडी : पूर्वी पाणी बघितलं की कळायचं. लाल म्हणजे सोमवार, निळं म्हणजे बुधवार. आता बायकोला विचारावं लागतं.

साहेब : ताई, हा आकडा मी वर कसा पाठवू? वरचे विचारतील, इतकी वर्षं काय करत होतात?

ताई : ते नाही विचारणार. गेले दोन महिने काय केलंत, ते विचारतील.

साहेब : काय केलं आपण?

ताई : काहीच नाही. म्हणून तर झालं.

साहेब : असं लिहून देता येत नाही हो. रकाना आहे ना ‘कारण’ म्हणून, त्यात काहीतरी भारदस्त हवं. थांबा... थांबा थांबा. आपलं शुद्धीकरण केंद्र आहे की!

ताई : आहे.

साहेब : मग झालं तर! लिहा. कारण : शुद्धीकरण केंद्राचे अथक प्रयत्न.

ताई : साहेब, केंद्राचं उद्घाटन होऊन चार वर्षं झाली. मोटार अजून जोडलेली नाही. विजेचं मीटर शून्यावर आहे.

साहेब : म्हणजे विजेचीही बचत! तेही घाला.

नावाडी : मोठ्या टाकीत कुत्री व्यायलीय साहेब. पाच पिल्लं आहेत. जागा कोरडी आहे, ऊन चांगलं येतं.

साहेब : टाकी वापरात आहे, एवढंच पुरे. पिल्लांची संख्या नको.

ताई : साहेब, ही जुनी वही बघा. पाणी काळं, कारण : नैसर्गिक. मासे मेले, कारण : नैसर्गिक. फेस पुलाच्या कठड्याला लागला, कारण : नैसर्गिक. खाली तुमचीच सही आहे.

साहेब : तेव्हाची परिस्थिती वेगळी होती.

ताई : म्हणजे घाण झाली ती निसर्गानं केली आणि स्वच्छ झाली ती आपण.

साहेब : तुम्ही फार थोडक्यात बोलता ताई. त्यानं चांगल्या चांगल्या गोष्टी वाईट दिसायला लागतात.

ताई : परवा सोमवारी कारखाने सुरू होणार. सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा त्यांनी स्वतः बसवायची, असा हुकूम आहे. आपलं केंद्र समर्थ आहे असं मी लिहून दिलं, तर त्यांना ती कशाला बसवावी लागेल?

साहेब : नाहीच बसवावी लागणार. तसं विनंतीपत्र त्यांनी पाठवलंय. आपल्या उत्तराचा मसुदासुद्धा सोबत जोडलाय. बिचाऱ्यांनी आपला वेळ वाचवला.

ताई : माझ्या सहीची जागा सोडलीय?

साहेब : खालीच आहे, ठिपक्या ठिपक्यांची. तपासनीसाच्या सहीशिवाय पत्राला किंमत नाही, हा आपल्याकडचा नियमच आहे. बरं, मी काय म्हणत होतो... तुमचा तो बदलीचा अर्ज. किती दिवस झाले हो त्याला?

ताई : सहा वर्षं. लेक तेव्हा बालवाडीत होती. यंदा सहावीत जाईल.

साहेब : आजीजवळ वाढतेय ना? च्‌च्‌. लेकराला आई हवी, मी काय दगड आहे का? हा बघा तुमचा अर्ज. हे माझं पेन. तुम्ही तिकडं सही करा, मी इकडं करतो.

ताई : आधी कुणी करायची?

साहेब : आधी तुम्ही. शेवटी विश्वासाचा प्रश्न असतो.

नावाडी : ताई, करून टाका सही. माझं ऐका. नदीला सवय आहे. पोरीला नाही.

ताई : काका, काल बाटली भरून आणलीत तेव्हा काय सांगत होतात मला? साहेबांना सांगा ना.

नावाडी : कशाला उगीच. हसतील.

साहेब : सांगा, सांगा. नाहीतरी आज कामाचं काही होत नाहीये.

नावाडी : बाटली बुडवली तर आत माशाची दोन पिल्लं शिरली. नखाएवढी. त्यांना सोडायला वाकलो आणि साहेब, एकदम तळ दिसला. मी असा घाबरलो! नावेची कडाच धरली. जन्म गेला माझा या पाण्यावर, मला वाटायचं दोन पुरुष तरी खोल असेल. कमरेएवढं आहे हो. पोहता येत नाही म्हणून धाकट्या भावाला कधी नावेत घेतलं नाही मी.

साहेब : हं. ताई, आता पोरीकडे बघा आणि लिहा.

(ताई लिहिते, सही करते आणि वही त्यांच्यापुढे सरकवते.)

साहेब : शाब्बास! बघू... ‘कारण : माणसे घरी होती.’ ताई, हे काय आहे?

ताई : कारण.

साहेब : असलं कारण असतं का कुठं कार्यालयात? वरचे विचारतील, उपाययोजना काय. काय सांगू? सगळ्यांना पुन्हा घरी बसवा?

ताई : रकान्यात कारण विचारलंय साहेब, उपाय नाही. उपायाचं पत्र कारखान्यांना जायचं आहे. यंत्रणा बसवा, एवढंच.

साहेब : आणि हा अर्ज?

ताई : ठेवा परत ड्रॉवरमध्ये.

साहेब : नीट विचार करा. असं पेन मी रोज काढत नाही.

ताई : माहीत आहे. सहा वर्षांत आज पहिल्यांदा काढलंत.

साहेब : हट्टी आहात. ठीक आहे, आकडा पाठवतो. तुमचं कारणही राहू दे. पण खाली टीप माझी : ‘सदर शुद्धता अपवादात्मक असून तिची पुनरावृत्ती होण्याची भीती नाही.’

ताई : ती टीप अगदी खरी आहे साहेब. आणा, तिच्याखालीही सही करते.

साहेब : चेष्टा करा, करा. मी जेवायला चाललो. आणि बुवा, त्या पिल्लांना टाकीतून हलवा.

नावाडी : कुत्रीच्या का माशाच्या?

साहेब : दोन्ही!

नावाडी : ...गेले. ताई, चुकलात तुम्ही. साहेब आता तो अर्ज बुडाशी घालतील. वर फायली रचतील.

ताई : घालू देत.

नावाडी : आणि पोरीला काय सांगणार?

ताई : काय सांगू? परवा फोनवर विचारत होती, आई, तू रोज नदीचं पाणी बघतेस, तर त्यात तुझं तोंड दिसतं का गं? मी म्हटलं, दिसतं तर. थाप मारली.

नावाडी : आता थाप कुठली? दिसतंय की! बोलवून घ्या तिला. माझ्या नावेत बसवून पार तळ दाखवून आणतो. फक्त सोमवारच्या आत यायला सांगा. एकदा भोंगा वाजला की मग काही खरं नाही.

ताई : गाड्याही सोमवारपासूनच सुरू होणार आहेत, काका.