स्टार्टरमधला आईचा आवाज

सोनगीरहून धुळ्याला निघालेल्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर एक नाना आणि लॅपटॉप मांडीवर घेतलेली रूपा बसली होती.

“रूपा, तुना बापना मोटरना स्टार्टर आते तुनी मायना आवाजमा बोलस म्हणे?”

“हो नाना. मोटर बंद पडली की स्टार्टर बाबांना फोन करतो. आधी त्यात हिंदी बाई बोलायची. जाहिरात समजून बाबा ऐकण्याआधीच फोन कापायचे. मोटर बंद, आणि यांना पत्ताच नाही. कांदा वाळला.”

“मंग?”

“स्टार्टरच्या चिपमधली फाईल लॅपटॉपवर घेतली. पायथनमध्ये प्रोग्राम लिहून ती उघडली, त्या बाईचा आवाज कुठे आहे ते शोधलं, आणि तिथे आईचा भरला.”

“इतलं सोपं?”

“सोपं कुठलं? जागा तेवढीच असते. थोडं जरी जास्त भरलं तरी मशीन उठतच नाही. आईचं बोलणं मावेना, अर्धं कापलं.”

“काय कापं?”

“‘मोटर बंद पडनी’ कापलं. ‘घर या, जेवी ल्या’ ठेवलं. आईनेच सांगितलं तसं.”

“मंग मोटर बंद शे, हाई त्यासले कसं समजस?”

“जेवायला बोलावणं आलं की बाबा आधी विहिरीवर जाऊन मोटर बघतात, मग घरी येऊन जेवतात.”

“अन् लाईट तं घडी घडी जास.”

“म्हणून तर बाबांच्या शर्टाची बटणं लागत नाहीत.”