साहेब बाहेर गेलेत

बँकेच्या रांगेत शिंपीणबाई ताटकळत उभ्या होत्या. पुढे एक आजी, त्यांच्याही पुढे एक आजोबा. शिंपीणबाईंचे कान आपसूक तिकडे वळले.

"तुम्ही इथेच खिडकीत बसायचात ना? कुरळे केस होते."

"केसांनी केव्हाच राजीनामा दिला. पण मी ओळखलं तुम्हाला. खाडीवाल्या बाई!"

"अख्खी आळी आणायचो आम्ही रांगेत. एकेकानं खिडकीशी यायचं, विचारायचं, ‘खाडीवरच्या कोळशाच्या वीजघराला कर्ज देणार का?’ की परत रांगेच्या शेपटाला."

"आणि मी म्हणायचो, ‘साहेब बाहेर गेलेत.’"

"दिवसभर!"

"साहेब आत, दार लावून. माझा घसा बसला, तेव्हा तुमच्या जाऊबाईंनीच पाणी दिलं. ‘घ्या भाऊ, अजून पुष्कळ जण यायचेत,’ म्हणाल्या."

"अशीच होती ती. गेली मागच्या वर्षी."

"अरेरे... पण कर्ज अडवलंतच तुम्ही. नातवंडं पोहतात आता खाडीत."

"पुन्हा देताहेत म्हणे. तिथेच."

"म्हणून आलात?"

"एकटीच. आमच्यातलं उरलंय कोण?"

रांग सरकली. आजोबा खिडकीशी पोचले.

"आजोबा, पेन्शनचं काम का?" आतल्या मुलीनं विचारलं.

"ते नंतर. खाडीवरच्या वीजघराला कर्ज देणार का?"

मुलगी गोंधळली. तिनं मागच्या बंद दाराकडे पाहिलं.

"साहेब बाहेर गेलेत."

आजोबा रांगेच्या शेपटाला निघाले. आजी खिडकीशी आल्या.

"अगं बाई, अजून परत आले नाहीत ते?"